पट्टीच्या पोटातल्या तारखा

१७ फेब्रुवारी, सोमवार

बारके,

शनिवारी, १५ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तुझ्या लेकीच्या तंत्रनिकेतनात, पहिल्या मजल्यावरच्या नव्या दालनात, खिडकीकडून तिसऱ्या काचपेटीसमोर माझा अपमान झाला. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घेतली. भिंतीवरचं दोन मिनिटं मागे आहे. तेही तिला सांग.

चौदा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. मी तक्रार केली नाही. तुझा नवरा गेला तेव्हा 'सुटला एकदाचा' असं मी म्हणाले, ते तुला लागलं. लागायला काय झालं? सुटलाच होता. पण तो विषय वेगळा. आजचा विषय माझ्या वस्तूचा आहे.

तुझ्या लेकीने आग्रहाने बोलावलं म्हणून गेले. 'मावशी, जुन्या हत्यारांचं दालन केलंय, तू यायलाच हवंस.' जुनं हत्यार म्हणून मलाही पेटीत ठेवायचं असावं. जिने चढले. दुर्बिणी पाहिल्या, साखळ्या पाहिल्या, आणि तिसऱ्या पेटीत माझी स्लाइड रूल दिसली. खाली कार्ड: 'मोजपट्टी, लाकडी.' त्याखाली तुझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव, पदवीसकट, आणि 'यांच्या वापरातील'.

"कार्ड कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"मीच, मावशी. अक्षर चांगलं आलंय ना?"

"शिक्षण किती झालंय तुझं?"

"मावशी, पीएचडी."

"तरीच."

ती हसली. तुझ्यासारखीच हसते, विनाकारण, सगळे दात दाखवून.

मोजपट्टी! बारके, त्या पट्टीने आजवर काही मोजलेलं नाही. तिच्यावर इंच नाहीत, सेंटीमीटर नाहीत. तिच्यावरच्या खुणा डावीकडे ऐसपैस आणि उजवीकडे दाटीवाटीने बसलेल्या असतात. मधली पट्टी सरकवायची, काचेवरची केसाएवढी रेघ आकड्यावर आणायची, आणि गुणाकार वाचायचा. कॉन्व्हेंट शाळेत गणिताच्या मदरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नावात रूल आहे म्हणून जी मुलगी हिच्या कडेने रेघ ओढेल, तिच्या बोटांवर मी दुसरा रूल ओढीन." त्यांच्याकडे दोन्ही होते. दुसऱ्याचा उपयोग आम्हाला जास्त ठाऊक होता. मराठीत म्हणायचं असेल तर सरकपट्टी म्हणा. आमच्या ऑफिसात नुसतं पट्टी म्हणत, आणि मला पट्टीबाई.

ही पट्टी मदरनी मला शाळा सोडताना दिली. संबंध वर्गात एकटीला. ती घेऊन मी बांधकाम खात्याच्या गणितखोलीत नोकरीला लागले. तुझा नवरा तिथे अभियंता म्हणून आला तो नंतर, आणि तुझा झाला तो त्याच्याही नंतर. दवाखान्याच्या छताच्या प्रकरणात त्याची नोकरी गेली, शिकवण्या करायची वेळ आली, तेव्हा मी पट्टी त्याच्या हातात ठेवली. वापरायला. दिली नव्हती. वापरायला देणं आणि देणं यातला फरक पीएचडीला शिकवत नसावेत.

आता तू म्हणशील, पुरावा काय. पुरावा आहे. मधली सरकती पट्टी पूर्ण बाहेर ओढायला सांग. खाली खोबणीत, लाकडावर, लाल पेन्सिलीने बारीक बारीक तारखा लिहिलेल्या आहेत. माझ्या हातच्या. इंग्रजी साताच्या पोटातून आडवी रेघ आहे, तशी मदरच्या मुलींखेरीज कुणी काढत नाही. तुझ्या नवऱ्याचा सात कसा असायचा तुला माहीत आहे, वाकलेल्या खिळ्यासारखा.

कार्ड बदलायचं. नाव माझं हवं. आणि मोजपट्टी हा शब्द खोडून नव्हे, नव्या कार्डावर नव्याने.

तुझी ताई

३ मार्च, सोमवार

बारके,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चौदा वर्षांनी चार शब्द. 'त्या तारखा कसल्या आहेत?' ना मायना, ना सही. तुझ्या वेण्या मी सहा वर्षं घातल्या, निबंध मी तपासले, आणि ही तऱ्हा. असो. म्हणजे पट्टी उघडून पाहिलीस. साताच्या पोटातली रेघ दिसली ना?

तारखा कसल्या ते सांगते. लेकीलाही वाचून दाखव, तिच्या कार्डावर घालण्यासारखी माहिती आहे.

पट्टी आकडे सांगते, पण दशांशाचं टिंब कुठे द्यायचं ते सांगत नाही. पट्टीवर १८४ वाचलं तर ते १.८४ आहे, १८.४ आहे की १८४, हे पट्टीला ठाऊक नसतं. ते माणसाने डोक्याने ठरवायचं. तीन गुणिले तीन गुणिले दोन म्हणजे अठराच्या आसपास, म्हणून टिंब आठानंतर. इतकं सोपं. पण आमच्या ऑफिसात हे सोपं काम बायकांना नव्हतं. आम्ही चौघी पट्टीवर वाचून निळ्या पेन्सिलीने नुसते तीन तीन आकडे लिहायचो, टिंबाशिवाय. मग कागद अभियंत्याकडे जायचा आणि तो लाल पेन्सिलीने टिंबं द्यायचा. आकडा चुकला तर बाईचा दोष, टिंब चुकलं तर साहेबाचा. तुझ्या नवऱ्याला तर नावच पडलं होतं, टिंबशेठ. एकेका टिंबाला बोटं मोडत बसायचा. आम्ही चौघी दाराआडून मोजायचो, आता सातवं बोट, आता आठवं.

मला टिंब कुठे पडणार ते पट्टी सरकवायच्या आधी कळायचं. पण माझ्या हातात निळी पेन्सिल. एक पुरुष जेवायला जायचा, एक दाढदुखीने घरी जायचा, आणि कागद तसेच पडून राहायचे, कारण लाल पेन्सिल उचलायला कुणी नाही. मग मी उचलायची. गुपचूप, भराभर, आणि कागद पुढे. साहेब परत येऊन म्हणायचे, "अरे, हे मी केलं वाटतं." केलं वाटतं! आणि प्रत्येक वेळी मी पट्टी उघडून आत तारीख लिहून ठेवायची. त्या माझ्या तारखा. तेवीस आहेत, मोजून घे. तेवीस वेळा मी पुरुषांचं काम केलं आणि एकदाही कुणी कागद परत पाठवला नाही.

नंतर लाल पेन्सिल मला रीतसर मिळाली. खात्यातली पहिली बाई. सत्तावीस वर्षं माझ्याकडे होती. निवृत्त झाले तेव्हा भाषणात साहेबांनी ते सांगितलंही, फक्त माझं वय दोन वर्षांनी जास्त सांगितलं.

तेव्हा नव्या कार्डावर हे यायला हवं: 'या सरकपट्टीवर काम करणाऱ्या बाईने तेवीस वेळा' वगैरे. मजकूर मी लिहून देईन. तुम्हा दोघींवर सोपवण्यासारखं ते काम नाही.

कार्ड कधी लागणार ते आठ दिवसांत कळव.

ताई

१९ मार्च, बुधवार

बारके,

पाकीट मिळालं. त्यात तीन गोष्टी निघाल्या. खोबणीचा फोटो. तुझ्या हाताने उतरवलेल्या तेवीस तारखा, त्यातल्या एकोणिसावीभोवती गोल. आणि चौकशीच्या वेळच्या हिशेबाच्या कागदाची झेरॉक्स, त्या दवाखान्याच्या पोर्चच्या छताची. ती तू चाळीस वर्षं सांभाळलीस? मी मुलीसारखा जपलेला स्वेटर तू दोन वर्षांत हरवला होतास.

एकोणिसावी तारीख १७ जुलै आहे. बघितलं मी. तुझ्या लेकीचा जन्मदिवस मला ठाऊक आहे, मी दरवर्षी कार्ड पाठवते.

झेरॉक्सच्या मागे तू लिहिलंयस, 'त्या दिवशी ते दुपारी बारापासून माझ्याजवळ प्रसूतिगृहात होते. टिंबं कुणी दिली?'

आधी मला हे सांग, पोरीला दुपारीच यायची काय घाई होती? डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली होती. ती आठवडाभर थांबली असती तर तुझा नवरा आपल्या टेबलावर बसून आपली टिंबं आपण देत बसला असता, बोटं मोडत. शेजाऱ्यांचा निरोप आला तसा तो उठला. लाल पेन्सिल माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाला, "ताई, कागद असू द्या. टिंबं मी आल्यावर देतो." टाकली म्हणजे ठेवली. मी शब्द तपासून वापरते.

कागद पाच वाजता जायचे होते. आठ कागद. मोठे साहेब दोनदा डोकावून गेले. "टिंबशेठ कुठाय?" "बाप होतोय," मी म्हणाले. सगळे हसले. मग साहेब म्हणाले, "मग आज गणित राहिलं म्हणायचं. बायका बसल्यात, पण बायकांचा काय उपयोग." हे माझ्या तोंडावर. तुझ्या तोंडावर कुणी असं बोललं असतं तर तू रडली असतीस. मी पेन्सिल उचलली.

आठ कागद मी पाऊण तासात केले. तुझा नवरा दोन दिवस घालवायचा.

झेरॉक्स मी बघितली. उगाच खोटं बोलणार नाही, ते माझ्या स्वभावात नाही. एका रकान्यात बारा आकडे आहेत. भिंतीचा भार, गिलाव्याचा, फरशीचा. सगळे एकाखाली एक, तीन तीन आकड्यांचे. सगळ्यांची टिंबं पहिल्या आकड्यानंतर. सरळ ओळीत. मदर म्हणायच्या, रकाना असा दिसला पाहिजे की वरून दोरा सोडावा. नववा आकडा छतावरच्या पाण्याच्या टाकीचा आहे, तीन मीटर लांब, तीन रुंद, दोन खोल. १८४. त्याचंही टिंब ओळीत आहे. १.८४ टन.

ओळ फार सुंदर आहे. अजूनही.

अकरा महिन्यांनी टाकी पहिल्यांदा काठोकाठ भरली आणि पोर्च खाली आला. कंपाउंडर गेला. बाकावर बसलेल्या बाईचा पाय गेला. हे तुला माझ्याकडून ऐकायला नको, तू त्या बाईला कुबड्या नेऊन दिल्यास, भेटायला जायचीस. नवऱ्याने मारलेल्या माणसांच्या घरी बायकोने जायचं असतं, असं तुला वाटायचं. मी तुला तेव्हा मूर्ख म्हणाले होते.

आणि चौकशीत मी खोटं बोलले असं तुझ्या मनात असेल तर ते काढून टाक. टेबलापलीकडे तिघे बसले होते. मधल्याने कागद पुढे सरकवला. "बाई, ही लाल पेन्सिल कुणाची?" मी म्हणाले, "यांची." ती त्याचीच होती. तिच्या टोकाला त्याचे दात होते. "लाल टिंबं देण्याचं काम कुणाचं?" "यांचं." तेही खरं. तिसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. विचारलेल्याचं उत्तर द्यावं, न विचारलेलं सांगत सुटू नये, हे मला शाळेत शिकवलं आणि मी पाळलं. तुझा नवरा उभा राहून सांगत होता, "मी त्या दिवशी नव्हतो, साहेब, मला मुलगी झाली." तो मधला म्हणाला, "अभिनंदन." प्रसूतिगृहाच्या वहीत त्याच्या येण्याची वेळच नव्हती. बापांची वेळ कोण लिहितं?

माझ्याकडे तो वळला होता एकदा. मी कागदाकडे बघत होते.

एक गोष्ट मात्र तुझी चूक आहे. त्या तारखेवरून काही सिद्ध होत नाही. त्या दिवशी आठ कागद होते. सात बरोबर होते.

फोटोच्या कोपऱ्यात तू 'भिंग घेऊन बघ' असं का लिहिलंयस? तारीख मला चष्म्याने दिसते.

ताई

२ एप्रिल, बुधवार

बारके,

काल गेले होते. सकाळी दहाला, दालनात कुणी यायच्या आत. तुझी लेक चाव्या घेऊन उभी होती. यावेळी हसली नाही. पेटी उघडून तिने पट्टी टेबलावर ठेवली, मधली पट्टी ओढून बाजूला केली आणि मला भिंग दिलं.

"मावशी, तू बघ. मी बाहेर थांबते."

"थांब इथेच. मी काही चोरून नेणार नाही."

थांबली. पाठ करून.

१७ जुलैच्या पुढे, लाकडाच्या रेषेत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक आकडा आहे. माझ्या हातचा नाही. १८४ निळ्या पेन्सिलीने, आणि आठानंतरचं टिंब लाल. आमच्या ऑफिसच्या पद्धतीने. आकडा बाईचा, टिंब साहेबाचं. बाकी काही नाही. नाव नाही, शिवी नाही. त्यात सात नाही, म्हणून अक्षर ओळखता येत नाही असं म्हणता येईल का, हेही मी बघितलं. त्याची चार काढायची तऱ्हा मला माहीत आहे.

पट्टी घरी नेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने ती पुसायला उघडली असणार. अशी माणसं हत्यार आधी पुसतात. म्हणजे त्याला सव्वीस वर्षं माहीत होतं. सव्वीस वर्षं दर रविवारी माझ्याकडे चहाला यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, बशीत चहा सांडायचा, आणि त्याला माहीत होतं. मी त्याच्यासमोर गल्लीतल्या पोरांना सांगायचे, "काकांकडून गणित शिका, पण टिंबं माझ्याकडून तपासून घ्या." पोरं हसायची. तोही हसायचा.

आणि दरवर्षी लेकीच्या वाढदिवसाला तोच प्रश्न. "ताई, पट्टी नेता का परत?" मी म्हणायची, "राहू दे, तुमच्या शिकवणीला लागेल." मग तो म्हणायचा, "निदान आतून एकदा पुसून तरी घ्या." आणि मी म्हणायची, "पुसायला मी काय मोलकरीण आहे?" सव्वीस वर्षं. मला वाटायचं, माणूस किती चिवट, एका लाकडी पट्टीसाठी.

माझ्या पट्टीवर लिहायचा त्याला काय अधिकार होता? मला सांग. वापरायला दिली होती. वापरायला दिलेल्या वस्तूवर कुणी लिहितं? आणि लिहायचंच होतं तर तोंडाने बोलायचं. ओरडायचं. दारात उभं राहून चार माणसांत माझं नाव घ्यायचं. मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती, चौकशीच्या दिवसापासून तयार होती, एक एक पाठ. ती सगळी तशीच राहिली. न बोलून त्याने माझं काय केलं, ते तुला कळायचं नाही. तुला कधी गणित आलं नाही.

तुला त्याने सांगितलं होतं का? खरं लिही. तू चौदा वर्षं माझ्या त्या एका वाक्यासाठी गप्प होतीस, की

जाऊ दे. ते विचारत नाही.

मूळ मुद्दा. परत निघताना तुझ्या लेकीने एक कागद दिला. नव्या कार्डाचा मजकूर, मंजुरीसाठी. १६ एप्रिलला दालन लोकांसाठी उघडणार, मधली पट्टी काढून खोबण वर करून ठेवणार, शेजारी भिंग, शेजारी चौकशीचा कागद. वर माझं पूर्ण नाव. माझी सगळी पत्रं तू तिला वाचून दाखवलीस तर. तिने माझी सूचनाही पाळली आहे: 'सरकपट्टी' लिहिलंय, शुद्ध. 'या सरकपट्टीवर काम करणाऱ्या बाईने तेवीस वेळा' ही ओळ जशीच्या तशी घेतली आहे. पुढे कंपाउंडरचं नाव आहे आणि त्या बाईचं. तुझ्या नवऱ्याचं सगळ्यात शेवटी: 'यांना या चुकीसाठी नोकरीवरून काढण्यात आलं.'

"यात काही चुकलंय का, मावशी?" तिने विचारलं.

मी तीनदा वाचलं. एक स्वल्पविराम जास्त आहे.

"माझ्या जन्माच्या दिवशी," ती बोलू लागली. मी म्हणाले, "तुझ्या जन्माने काय काय झालं ते तुझ्या आईला विचार." तोंडावर म्हणाले. तिने पट्टी मिटली, पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं, आणि माझा हात धरून मला जिना उतरवला. एकेक पायरी. हात धरायची गरज नव्हती. मी सोडवून घेतला नाही, कारण खाली शिपाई बघत होता.

आता माझं म्हणणं स्पष्ट शब्दांत. मी ७२ वर्षांची आहे. मला ओळखणारी माणसं या गावात आहेत. सत्तावीस वर्षं मी लाल पेन्सिल चालवली आणि माझं एकही छत पडलेलं नाही. तू म्हणशील एक पडलं. ते माझ्या काळात नव्हतं, ते त्याच्या काळातलं आहे, कागदोपत्री त्याचं आहे, आणि जे त्याने स्वतः सव्वीस वर्षं आपलं म्हणून ठेवलं ते तू आता कोण माझ्या दारात आणून टाकणारी? त्याने ठरवलं होतं. तू त्याच्यापेक्षा शहाणी आहेस?

माझं नाव काढा. मधली पट्टी आत सरकवून ठेवा आणि पेटी बंद करा. जुनं कार्ड परत लावा, त्याच्या नावाचं, पदवीसकट. पट्टी त्याचीच होती. मी दिली होती, कायमची. तसं मी लिहून देते, हे पत्रच समज. १७ फेब्रुवारीच्या पत्रातला 'वापरायला' हा शब्द मी मागे घेते.

हवं तर मोजपट्टीच लिहा.

उत्तर मला लेखी हवं. पोस्टकार्ड चालणार नाही, फोन चालणार नाही, लेकीकरवी निरोप चालणार नाही. तुझ्या हस्ताक्षरात, तुझ्या सहीने, मंगळवार, १५ एप्रिल, संध्याकाळी पाच वाजायच्या आत, माझ्या हातात. माझ्या घड्याळाने पाच.

ताई